सोरायसिस घेऊन कुसात्सूला

माझ्या मुलीच्या, म्हणजे मैत्रीच्या, शाळेत एक बाई आहेत. त्यांच्या भावाला सोरायसिस आहे. तो घराबाहेर पडत नाही, लग्नकार्याला जात नाही, केस कापायलासुद्धा दुकानात बसत नाही. परवा पालकसभा झाल्यावर बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुम्ही जपानला जाऊन चारचौघींत अंघोळ करून आलात म्हणे. ते त्याच्यासाठी लिहून द्या ना."

मी लिहिणाऱ्यातली नाही. शिरूरला राहते आणि रांजणगावच्या एमआयडीसीत एका जपानी कंपनीत क्वालिटीला आहे. पार्ट दिव्याखाली धरायचा, ओरखडा दिसला की लाल ट्रेमध्ये टाकायचा, हे माझं काम. पण बाईंच्या भावासाठी आणि त्याच्यासारखे आणखी जे कुणी दार लावून बसले असतील त्यांच्यासाठी, जसं घडलं तसं सांगते.

कोपर

पहिला डाग डाव्या कोपरावर उठला. रुपयाएवढा, लाल, वर पांढरी पापडी. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, बघितलं आणि म्हणाल्या, "नायटा हाय. लिंबू चोळ." लिंबू चोळलं. झोंबलं, डाग तिथंच. मग मेडिकलमधून ट्यूब आणली. ती संपली, दुसरी आणली. तोवर डाग दुसऱ्या कोपरावर गेला, गुडघ्यांवर उतरला, केसांत शिरला. कंपनीच्या निळ्या युनिफॉर्मच्या खांद्यांवर सारखा पांढरा भुगा पडायचा. लाईनवरचा एक जण हसत म्हणाला, "मॅडम, शाम्पू बदला की." मीही हसले. दुसऱ्या दिवसापासून डोक्याला स्कार्फ बांधायला लागले आणि लांब बाह्यांचे कुडते शिवायला टाकले.

शेवटी शिरूरच्या डॉक्टरांनी पुण्याला, कातडीच्या डॉक्टरांकडं पाठवलं. माझा नवरा दीपक सुट्टी टाकून सोबत आला. तिथल्या मॅडमनी पाठीवरचा एक बारीक तुकडा तपासायला काढून घेतला. रिपोर्ट आला त्या दिवशी त्यांनी आम्हाला समोर बसवून तीन गोष्टी सांगितल्या. हा सोरायसिस आहे आणि तो मुळासकट जात नाही. औषधांनी तो ताब्यात ठेवता येतो. आणि तो कुणाला लागत नाही. शिवल्यानं नाही, एका ताटात जेवल्यानंही नाही.

दीपकनं फक्त पहिली गोष्ट ऐकली. मीही. बाकीच्या दोन त्या केबिनमध्येच राहिल्या.

खाली एका रसवंतीवर आम्ही बसलो. दीपकनं दोन ग्लास सांगितले आणि दोन्ही तसेच राहिले.

"जात न्हाई म्हंजी? कधीच न्हाई?" त्यानं मला विचारलं, जसं काही मीच डॉक्टर.

"तूही होतास ना समोर?" मी म्हटलं.

"मी तुला विचारतोय."

"मला काय विचारतोस? मला माहीत असतं तर पुण्याला कशाला आलो असतो?"

फुटपाथवर, रसवाल्यासमोर, आम्ही या आजारावरून पहिल्यांदा भांडलो. म्हणून माझं एक सांगणं आहे. रिपोर्टच्या दिवशी जमलं तर थोडा लांबचा माणूस सोबत न्या. जवळच्या माणसाला त्या दिवशी कान नसतात.

पुडी

जो आजार जात नाही, तो घालवणारा माणूस आपल्याकडं शोधावा लागत नाही. दीपकच्या मित्राच्या ओळखीनं तो सोलापूर रस्त्यावरच्या एका खोलीत सापडला. दाराला पाटी नव्हती. राखाडी रंगाच्या पुड्या द्यायचा, मधातून घ्यायला सांगायचा. "डाक्टरची औषधं बंद. दोन्ही चालणार न्हाईत," एवढी एकच अट.

खोटं कशाला सांगू, पुडीनं गुण आला. डाग विझत गेले. कोपर स्वच्छ झालं. भावकीतल्या एका लग्नात मी अर्ध्या बाह्यांचं ब्लाउज घालून मिरवले आणि माझ्या आईनं माहेरच्या, केडगावच्या सगळ्या बायकांना मला वळवून वळवून दाखवलं. चेहरा तेवढा गोल व्हायला लागला होता. आई म्हणाली, तब्येत सुधारली. त्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असणार, हे मॅडमनी खूप नंतर सांगितलं.

एक दिवस दीपक पुड्या आणायला गेला तर खोलीला कुलूप. माणूस कुठं गेला, कुणाला माहीत नाही. पुडी बंद झाली आणि आठवडाभरात माझं अंग पेटलं. आधी हातपाय, मग पोट, मग तोंड. भाजल्यासारखी लाल झालेली कातडी जिथं तिथं सुटायला लागली. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि मी दोन गोधड्यांखाली कुडकुडत होते. दीपकनं मागच्या सीटवर मला आडवी केली आणि गाडी पुण्याकडं काढली. वाघोलीत ट्रॅफिक. गाडी जागची हलेना. तेव्हा मी मागून बघितलं, दीपकचा एक हात हॉर्नवर होता आणि दुसऱ्या हातानं तो डोळे पुसत होता. लग्न झाल्यापासून त्याला रडताना मी पहिल्यांदाच बघितलं. मला वाटलं, आता आपण मरणार. नाहीतर हा कशाला रडेल?

वॉर्ड

मरायचं नव्हतं, पण बरं व्हायला वेळ लागला.

वॉर्डातली सकाळ थर्मामीटरनं सुरू व्हायची. मग सिस्टर यायच्या, अंगभर पातळ तेलासारखं औषध लावून मला सुती चादरीत गुंडाळायच्या. दुपारी तेच, संध्याकाळी तेच. मधल्या वेळात मी छताकडं बघायचे. चादर बदलली की माझ्या अंगाच्या खपल्यांचा ढीग खाली पडायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. झाडू मारणाऱ्या मावशींना मी एकदा सॉरी म्हटलं. त्या कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अंगणातल्या झाडाची पानं रोज झाडते मी. झाड कधी सॉरी म्हनलं न्हाई."

आई केडगावहून सकाळच्या गाडीनं यायची, संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. डब्यात भाकरी आणि दुधीची भाजी. कांदे निवडून, खुरपून तिचे तळवे चरचरीत झालेले. तिनं पहिल्यांदा औषध लावलं तेव्हा मी ओरडले. दुसऱ्या दिवसापासून ती हात उलटा करून लावायला लागली. हाताच्या मागच्या बाजूची कातडी मऊ असते, हे तिनं स्वतःच्या गालावर घासून शोधून काढलं होतं.

शेजारच्या कॉटवर भांडगावच्या एक आजी होत्या. शेवंतीची शेती असलेल्या. त्यांना अंगभर फोड आले होते आणि तो आजार माझ्याहून अवघड होता. एकदा माझ्याकडं बघत म्हणाल्या, "पोरी, तुझं सुटतंय आन् माझं फुगतंय. दोघींना मिळून एक धड माणूस व्हईल का गं?" मी हसले तर ओठ चिरले. तरी हसले. त्या वॉर्डात कुणी कुणाकडं टक लावून बघत नव्हतं. सगळ्यांचीच कातडी बिघडलेली. मला आठवतं, बऱ्याच काळानं मी तिथं डोकं न झाकता बसले होते.

खरी भीती मैत्रीची होती. ती तेव्हा पहिलीत होती. माझं तोंड बघून ती घाबरेल म्हणून व्हिडिओ कॉलवर मी कॅमेरा बंद ठेवायचे.

"मम्मी, तुझा कॅमेरा बिघडलाय?"

"हो."

"मग मी पण माझा बंद करते. म्हणजे सारखं झालं."

रोज आम्ही दोघी अशाच बोलायचो. शाळेत काय झालं, डब्यात काय होतं, मांजरीला किती पिल्लं झाली. मैत्रीची आई म्हणून नव्हे, अनुभवाची म्हणून सांगते, लहान पोरांना आपण समजतो त्यापेक्षा जास्त कळतं.

एका सकाळी जाग आली तेव्हा मला थंडी वाजत नव्हती आणि सपाटून भूक लागली होती. आईच्या डब्यातली भाकरी मी एकटीनं संपवली. आई खिडकीकडं तोंड करून बसली आणि बराच वेळ वळलीच नाही.

ठिपका

घरी आले. नवीन औषधं सुरू झाली होती, लाली उतरली होती, पण डाग होते. आत्या मला जेवायला वेळेवर द्यायच्या, पाणी तापवून द्यायच्या, कशात कमी नाही. फक्त माझ्या चहाच्या पेल्याच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. माझ्या ताटालाही होता. मी बघितलं आणि गप्प बसले. आजारी माणसाला वाटतं, लोक ठेवून घेतायत हेच खूप.

माझे सासरे, आप्पा, आयुष्यभर बस चालवलेले. बोलणं कमी. एका सकाळी सगळे चहा घेत होतो. मी पेला उचलला तेव्हा त्यांना बूड दिसलं.

"हा ठिपका कसला?"

आत्या म्हणाल्या, "वैशालीचा पेला हाय. वळखू यावा म्हणून."

आप्पा उठले, माझ्या हातातला अर्धा प्यालेला चहा घेतला आणि उभ्यानंच पिऊन टाकला. मग पेला आत्यांसमोर ठेवला.

"माझ्या बापाचा कप हाटेलाच्या बाहेर, वळचणीला असायचा," ते म्हणाले. "कानतुटका. वळखू यावा म्हणून. त्यानंच धुवायचा आन् त्यानंच पालथा घालायचा. मी ल्हान होतो, मला वाटायचं आमचा कप वेगळा म्हंजी आमचा मान हाय. आपण दर पौर्णिमेला विहारात जातो, काय म्हणतो तिथं? आन् घरात ठिपके लावतो?"

आत्या रडायला लागल्या. "मला काय हौस हाय व्हय? मैत्रीला झालं म्हंजी? पोरीची जात हाय. तिचं कसं व्हायचं?"

ही भीती खोटी नव्हती. तीच माझ्याही पोटात होती. मी आत्यांच्या शेजारी बसले आणि मॅडमनी रिपोर्टच्या दिवशी सांगितलेली तिसरी गोष्ट त्यांना सांगितली, जी मला स्वतःलाच वॉर्डात दुसऱ्यांदा विचारावी लागली होती. शिवल्यानं लागत नाही, आत्या. मैत्रीला होईल की नाही हे कुणालाच सांगता येत नाही, पण माझ्या पेल्यानं होणार नाही.

दुपारी बघितलं तर आत्या मोरीत बसून घासणीनं ठिपका खरवडत होत्या. निघता निघत नव्हता. "कसलं मेलं हे रंगाचं," म्हणून स्वतःवरच चिडत होत्या. मी पुढं होऊन मदत केली नाही. ते त्यांचं काम होतं.

दीपकचं वेगळं होतं. तो ठिपके लावणाऱ्यातला नव्हता, पण बाहेरच्या खोलीत झोपायला लागला होता. "तुला मोकळं झोपता यावं म्हणून," असं म्हणायचा. माझ्या पाठीला माझा हात पोचायचा नाही, म्हणून एकदा मीच त्याला मलम लावायला बोलावलं. तो आला, हॉस्पिटलातून आणलेले ग्लोव्ह घालून.

"ते काढ," मी म्हटलं.

"इन्फेक्शन व्हईल तुला."

"मला की तुला?"

तो उभाच राहिला. मग ग्लोव्ह काढले. तो मलम एकाच जागी जाड थापत होता. मी म्हटलं, "दीपक, भिंत लिंपायची नाही, पाठ आहे." तो हसला, आणि हसता हसता हात सैल झाला. त्या दिवसापासून पाठ त्याच्याकडं. तो आतल्या खोलीत परत आला. सगळं एकदम पूर्वीसारखं झालं नाही, पण आम्ही दोघं एकाच भिंतीच्या आत होतो.

निवड

वर्षभरानं कंपनीनं नवीन तपासणी मशीनच्या ट्रेनिंगसाठी दोघींना जपानला पाठवायचं ठरवलं. एक मी, दुसरी प्रियांका. प्रियांका कवठे येमाईची, डाळिंबवाल्यांची मुलगी, नुकतीच डिप्लोमा करून लागलेली. बोलण्यात पटाईत. मला आधी नाही म्हणायचं होतं. तीन आठवडे एका खोलीत राहायचं म्हणजे प्रियांकाला कळणार, आणि प्रियांकाला कळलं की संपूर्ण लाईनला कळणार. पण आप्पा म्हणाले, "मी आयुष्यभर बस चालवली, आन् दौंडच्या पुढं फकस्त सोलापूरपत्तोर गेलो. तू इमानात बस." विषय संपला.

जपानमध्ये थंडी कोरडी होती. डाग पुन्हा चाळवले. पाठीला मलम लावायला दीपक नव्हता, म्हणून मी रोज बाथरूमचं दार लावून कालथ्यानं लावायचे. कालथा स्वयंपाकाच्या नावाखाली घरून नेला होता. बाहेर प्रियांका टीव्ही एवढ्या मोठ्यानं लावायची की डोकं उठायचं. जपानी तिला एक अक्षर कळत नव्हतं, तरी लावायची.

शेवटच्या रविवारी आमच्या डिपार्टमेंटच्या मोरी-सान म्हणाल्या, चला, तुम्हाला डोंगरातलं गरम पाण्याचं गाव दाखवते. मोरी-सान पन्नाशीच्या, शांत. आमच्याशी फोनमधल्या भाषांतरानं बोलायच्या आणि फोनमधली मराठी मोठी शुद्ध. गावाचं नाव कुसात्सु. तिथं काय करतात ते फोननं सांगितलं: "सर्व स्त्रिया वस्त्रमुक्त होऊन एकत्र स्नान करतात." प्रियांका हसून हसून लोळली.

मी मनात उत्तर तयार ठेवलं. पाळी आलीय म्हणून सांगायचं. बायकांत एवढं सांगितलं की पुढं कुणी विचारत नाही.

कुसात्सु

बस वळणं घेत वर चढत होती आणि दोन्ही बाजूंना बर्फ होतं. उतरल्या उतरल्या वास आला, शंभर काड्यापेट्या एकदम ओढल्यासारखा. गंधकाचा. आपल्याकडं गावाच्या मधोमध बाजारतळ असतो, तसा तिथं मधोमध उकळत्या झऱ्याचा केवढा तरी मोठा हौद. लाकडी पन्हळींच्या रांगांतून हिरवट पाणी वाहतंय, वाफेचे लोट उठतायत आणि सगळ्या बाजूंनी जुनी लाकडी घरं. शेकडो वर्षं माणसं इथं आजार घेऊन येतायत, असं मोरी-सान म्हणाल्या. पाणी इतकं गरम की तसंच उतरता येत नाही, आणि थंड पाणी ओतून त्याचा गुण घालवायचा नाही म्हणून बायका लांब फळ्यांनी ते ढवळत राहतात. एका घरात तो खेळ करून दाखवत होते. केडगावकडं गुऱ्हाळावर कढईतला रस हलवतात, अगदी तसंच. हात तसेच वर-खाली आणि कंबर तशीच मागं-पुढं. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

मग मोरी-साननी आणखी एक गोष्ट सांगितली. पूर्वी महारोग झालेली माणसं घरादारानं टाकली की इथं यायची, पाण्यानं बरं वाटेल या आशेनं. गाव मोठं झालं, पाहुणे वाढले, तशी त्यांना गावाच्या खालच्या अंगाला वेगळी वस्ती करून दिली. वेगळी घरं, वेगळं पाणी. पुढं तिथूनही हलवलं. मोरी-साननी उताराकडं बोट केलं. तिथं आता बर्फाखाली काही दिसत नव्हतं. 'खालच्या अंगाला' म्हटल्यावर मला मात्र नकाशा लागला नाही. मी तिथं थोडी थांबले. काही म्हटलं नाही, मनातल्या मनात हात जोडले.

न्हाणीघर लाकडाचं होतं. बायकांच्या दाराला लाल पडदा. आत शिरताच गल्ल्यावर एक म्हाताऱ्या बाई बसलेल्या. प्रियांका माझ्या कानात म्हणाली, "ताई, सगळे कपडे? आतले पण?"

"सगळे."

"मी तर आईसमोर पण न्हाई गं बाई."

मोरी-सान आमच्याकडं वळल्या. आता मला माझं उत्तर द्यायचं होतं. ते तोंडात तयार होतं, जपानी शब्दसुद्धा शोधून ठेवला होता. पण तो शब्द ओठांवर येईना. धैर्य वगैरे काही नव्हतं. मला फक्त कंटाळा आला. स्कार्फचा कंटाळा, बाह्यांचा कंटाळा, कालथ्याचा कंटाळा. मी जाड कोट काढला, स्वेटरची बाही कोपरावर सारली, हात त्या बाईंसमोर टेबलावर ठेवला आणि फोनवर लिहिलं, "हा कातडीचा आजार आहे. तो कुणाला लागत नाही. मी पाण्यात उतरले तर चालेल का?"

मोरी-साननी वाचून त्यांना सांगितलं. त्या बाईंनी चष्मा लावला. माझा हात हातात घेतला, वळवून बघितला, कोपरावरच्या डागावर अंगठा फिरवला. मग बरंच काही बोलल्या. मला वाटलं, नाही म्हणतायत. मोरी-साननी फोन माझ्यापुढं धरला.

"पाणी तीक्ष्ण आहे. त्वचेला चीर असल्यास आपणास लागेल, अशी त्यांना चिंता आहे. अल्पकाळ बसा. नंतर साध्या पाण्याने धुवा."

मी ते पुन्हा वाचलं. इतकी वर्षं माझा हात बघून लोक एकच विचारत आले होते, हे लागतं का? म्हणजे त्यांना. आपल्या भाषेत दोन्हीला लागणंच म्हणतात, त्या फोनला काय कळणार! पण त्या म्हातारीला पडलेली काळजी माझी होती. मला लागेल याची. मी तिथंच, गल्ल्यासमोर, रडले. त्या बाई घाबरल्या. त्यांना वाटलं, आताच कुठं दुखतंय. त्यांनी मला टॉवेल दिला.

पाण्यात

आधी बुटक्या स्टुलावर बसून अंग धुवायचं, मग पाण्यात जायचं. मी पाठ भिंतीकडं करून बसले होते, पण पाण्यात जायचं तर उठावं लागणार आणि उठलं की पाठ दिसणार. उठले. मागून प्रियांकाचा आवाज आला.

"ताई, पाठीला काय झालंय?"

"सोरायसिस," मी म्हटलं. कंपनीतल्या माणसासमोर हा शब्द मी पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारला. "कुणाला लागत नाही. मलम लावावं लागतं रोज."

"मग इथं कोण लावतंय?"

"मीच. बाथरूममध्ये. कालथ्यानं."

प्रियांका टॉवेल धरून तशीच उभी राहिली. "म्हंजी रोज एवढा वेळ तुम्ही आत मलम लावत होता व्हय?"

"मग तुला काय वाटलं?"

"मला वाटलं, घरची आठवण येऊन रडताय. तुम्हाला मोकळं रडता यावं म्हणून मी टीव्ही मोठा करत होते."

"आणि मी तुझ्या टीव्हीला रोज शिव्या देत होते!"

आम्हाला हसू फुटलं. अंगावर कपडा नाही, बाहेर बर्फ, आणि आम्ही दोघी खिडकीच्या कट्ट्याला धरून हसतोय. पाण्यात बसलेल्या दोन-तीन बायका आमच्याकडं बघून हसल्या आणि परत डोळे मिटून बसल्या. माझ्या पाठीकडं कुणी बघितलं असेल तर मला माहीत नाही.

पाण्यात पाय घातला आणि "आई गं" निघालं. नडग्यांवर जिथं डाग होते तिथं लिंबू पिळल्यासारखं झोंबलं. मग झोंबणं ओसरलं आणि गरमी हाडांपर्यंत गेली. मी गळ्यापर्यंत खाली बसले. वाफेत काही दिसत नव्हतं. कितीतरी वर्षांत माझं अंग पहिल्यांदा नुसतं अंग होतं. थोड्याच वेळात मोरी-साननी खूण केली, तशी मी मुकाट्यानं बाहेर आले आणि साध्या पाण्यानं धुतलं.

एक गोष्ट नीट सांगते. त्या पाण्यानं माझा आजार गेला नाही, आणि मी औषध एक दिवसही चुकवलं नव्हतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी असल्या पाण्यात उतरू नका. मी विचारलं नव्हतं, कारण मी उतरणारच नव्हते. मॅडमना नंतर सांगितलं तर आधी रागावल्या आणि मग म्हणाल्या, पाणी कसं होतं ते सांगा.

बाहेरच्या बाकावर आम्ही लालबुंद तोंडानं थंड दुधाच्या बाटल्या घेऊन बसलो होतो तेव्हा घरून व्हिडिओ कॉल आला; कुठं निघालोय ते मी सकाळीच कळवलं होतं. मी कॅमेरा चालू केला. आधी मैत्री दिसली, मग तिच्या हातातून फोन ओढून घेतलेल्या आत्या. मागं आप्पा उभे होते.

"गेली व्हतीस व्हय गं त्या पाण्यात?" आत्यांनी विचारलं.

"हो, आत्या."

त्यांनी तोंड स्क्रीनच्या अगदी जवळ आणलं. नुसता एक डोळा आणि कपाळ दिसत होतं. "कोपर दाव. गेला का डाग?"

मी बाही वर करून कोपर कॅमेऱ्यासमोर धरलं. "नाही, आत्या. हाय तसाच हाय."

"मग एवढं हसायला काय झालं?"

मी प्रियांकाकडं बघितलं. तिनं तोंडाला टॉवेल लावला होता आणि तिचे खांदे हलत होते.

"पाणी लई गरम होतं, आत्या," मी म्हटलं, आणि हसण्यात पुढं मला बोलताच आलं नाही.